समाधीखालची सायाळ

फोन उचलल्यावर मी नाव-गाव नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, "तुम्ही स्वतः काय बघितलं?" यावर माणसं गडबडतात. बहुतेकांनी काही बघितलेलंच नसतं, नुसतं ठरवलेलं असतं. ताडकळस रस्त्यावरच्या एका शिक्षकांनी आपल्या माळ्यावर अजगर असल्याचं ठरवलं होतं. बायको-मुलांना त्यांनी सासुरवाडीला पाठवून दिलं होतं. माळ्यावर निघाली ती सायकलची जुनी ट्यूब. तिच्यावरून उंदीर पळाले की ती हलायची.

दुसरा प्रश्न, पाणी कुठे साचतं? आणि तिसरा, खाणं कुठे पडतं? या तिसऱ्या प्रश्नावर माझा सगळा धंदा चालतो. उंदीर असो, झुरळ असो की रानमांजर, तुमच्यावर राग धरून कोणी घरात शिरत नाही. खायला येतं. खाणं बंद झालं की आपलं आपण जातं. मग त्याची वाट बुजवायची.

पूर्णा गावात राहून मी हे काम करते. लोक आम्हाला पेस्ट कंट्रोलवाले म्हणतात, खेड्यात फवारणीवाल्या मॅडम म्हणतात. मी यात कशी आले ते सांगत बसत नाही. शेतीची पदविका, मग औषधांच्या दुकानात नोकरी, मग हे. माझ्याबरोबर हबीबभाई असतात. ते मुळात गवंडी. आमच्या कामात औषध चिमूटभर आणि सिमेंट पाटीभर लागतं, त्यामुळे खरे कारागीर तेच. "चूहा जाने दो मॅडम, पहले भोक दिखाव," असं म्हणून ते थापी काढतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही विषाच्या बाटल्या घेऊन फिरतो. आमच्या गाडीत जाळी, वाळू, चाळण, आरसा, टॉर्च, लांब काठी आणि ब्रश असतात. औषधाचा डबा सगळ्यांच्या खाली असतो.

आता गावाभोवती शेतात प्लॉट पडलेत. काल जिथे सोयाबीन होतं तिथे आज घर आहे, आणि कालचे रहिवासी तिथेच राहतात. उंदीर, घुशी, मुंगूस, वटवाघळं, वाळवी, गांधीलमाशा. आम्ही काय करत नाही तेही मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. साप पकडत नाही, त्यासाठी सर्पमित्र आहेत. रानडुक्कर आणि माकड आमचं काम नाही. चिकट पट्ट्या लावत नाही. जंगली जनावर मारत नाही. ते कायद्यात बसत नाही आणि मला पटतही नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका रोज अंगणात मूठभर ज्वारी टाकायचे आणि उंदरांची तक्रार करायचे.

"काका, ज्वारी बंद करा," मी म्हणाले.

"ती मी खारींसाठी टाकतो. उंदरांना टाकतच नाही."

"दाण्यावर नाव लिहून टाकता का?"

काका आठ-दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण ज्वारी थांबली. उंदीरही थांबले. खारी तेवढ्या शेजाऱ्यांकडे गेल्या, आणि काका अजून शेजाऱ्यांच्या अंगणाकडे बघत बसलेले असतात. आमच्या कामात असंही होतं.

पण दिवाळीच्या अंकासाठी लिहायचं तर मला एकच प्रकरण आधी आठवतं. ते मी सविस्तर सांगते.

एका सकाळी महादेवअप्पा आमच्या छोट्या ऑफिसात आले. पूर्णेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, वय माझ्याएवढंच, चाळिशीतलं. राहायला ते ताडकळसच्या अलीकडे, शेतातल्या घरात. शेतातल्या वस्तीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. घर लिंगायत वाण्यांचं. त्यांच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात, आणि स्वतःचं शेत असेल तर शेतातच समाधी बांधतात. महादेवअप्पांचे वडील, ज्यांना ते अप्पा म्हणत, आदल्या वर्षी गेले होते. त्यांची समाधी आखाड्यातच, घराच्या मागे.

महादेवअप्पांनी आमचं दार स्वतः लावून घेतलं. पिशवीतून एक कोरं पांढरं कापड काढलं. ते उलगडलं तर आत एक हाड. त्यावर विभूतीची बोटं ओढलेली आणि वर बेलाचं पान.

"आईला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "समाधीच्या बुडाला भोक पडलंय मॅडम. काल सकाळी भोकाच्या तोंडाशी हे सापडलं." त्यांनी दोन्ही हात जोडले. "हे अप्पा हायत."

मी हाड बघितलं. हबीबभाईंनी बघितलं. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या घरी रविवारी मटण असतं. हबीबभाईंच्या घरी त्याला रविवारही लागत नाही. आम्हाला ते हाड ओळखायला क्षणही लागला नाही, पण सांगायचं कसं ते दोघांनाही कळेना.

शेवटी हबीबभाईंनी टोपी सारखी केली. "साहेब, बुरा मत मानो. ही नळी हाय."

"कसली नळी?"

"बोकडाची."

"म्हंजे?"

"मटणाची नळी साहेब. पुढल्या पायाची. हे बघा, इथं सुऱ्याचा घाव हाय. अप्पांवर कुणी सुरा चालवला होता का?"

महादेवअप्पांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी मटण शिजलेलं बघितलेलं नाही. हाड म्हणजे माणसाचं, एवढाच त्यांचा हिशोब. ते आधी हसले, मग डोळे पुसले, मग त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"म्हंजे म्या रातभर बोकडाच्या हाडकाला विभूती लावून देवघरात झाकून ठिवलं?"

मी हाडावरचं बेलपान अलगद बाजूला केलं.

"बेलपान बी वाहिलं हो," ते म्हणाले. "आता घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करावी लागंल. आन्‌ आईला सांगू काय, की कामून करायलोय?"

मी हाड उचलून उजेडात धरलं. सुऱ्याच्या घावाशिवाय त्यावर बारीक पटाशीने ओढावेत तसे जोडीजोडीने चरे होते. कुत्रा हाड फोडतो. असं तासत नाही. हे काम सायाळीचं. अंगावर काळे-पांढरे काटे असलेली सायाळ आपल्याकडे ओढ्याकाठी, बांधांत पुष्कळ आहे, पण ती दिवसा बाहेर पडत नाही म्हणून फार कोणी बघत नाही. खाते मुळं, कंद, शेंगा, फळं. मांस खात नाही. पण दात घासायला आणि हाडातला चुना मिळावा म्हणून ती हाडं गोळा करून बिळाच्या तोंडाशी आणते. महादेवअप्पांच्या शेताला लागून रस्त्यावर एक ढाबा होता. नळी कुठून आली ते कळलं.

"मग आजच भोकात गोळ्या टाका," महादेवअप्पा म्हणाले. "न्हाईतर सिमेंट वता."

मी दोन्हीला नाही म्हणाले. गोळ्या टाकून ती मारणं गुन्हा आहे. शिवाय मेली तर ती समाधीखालीच सडणार. सिमेंट ओतलं तर आत कोंडलेली सायाळ दुसऱ्या बाजूने उकरत बाहेर पडणार, आणि ती कोणत्या बाजूने उकरेल ते आपल्या हातात नाही.

ते बराच वेळ कापडाची घडी करत राहिले. "मॅडम, आज बोकडाचं निघालं. पण भोक कुठवर गेलंय ते कुणाला ठाऊक? उद्या तिनं खरंच..." 

आमचं काम तेवढंच होतं. बीळ अप्पांपर्यंत गेलं आहे का ते शोधायचं, गेलं नसेल तर जाऊ द्यायचं नाही, आणि हे सगळं समाधी न उकरता करायचं.

दुपारी आखाड्यावर गेलो. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, बाजूला पत्र्याची शेड, मागे कडुनिंब आणि त्याखाली समाधी. काळ्या दगडाचं जोतं, वर ओटा, पुढे दोन पायऱ्या, ओट्यावर छोटा कोनाडा. महादेवअप्पांच्या आई, गिरजाकाकू, ओट्याशीच बसल्या होत्या. कपाळभर विभूती, गळ्यात इष्टलिंग. मुलाने त्यांना सांगून ठेवलं होतं की वाळवी बघायला माणसं येणार आहेत.

"वाळवी घरात बघतेत का शेतात?" काकूंनी मला विचारलं.

"सगळीकडे बघावी लागते काकू."

"बगा, बगा. आमच्यात मुंगी सापडायची न्हाई."

आणि खरंच सापडली नाही. जोत्याच्या मागच्या कोपऱ्यात सायाळीचं बीळ होतं, ताजी माती उकरलेली, खजुरासारख्या लेंड्या, एक काटा. ते बघून झाल्यावर मी माझा तिसरा प्रश्न लावून धरला. खरकटं कुठे टाकता? खड्ड्यात, वर माती. कोंबड्या? आमच्यात कुठल्या कोंबड्या. शेंगांची पोती? कोठीत, कुलपात. झाडाखाली पडलेली फळं? झाड एकच, कडुनिंब. इतकं झाडलेलं अंगण मी क्वचित बघितलं असेल. मला कोडं पडलं. हाडांसाठी ढाबा आहे, पण हाडांनी पोट भरत नाही. ओढ्याकाठची मऊ माती सोडून ही सायाळ माणसांच्या घराला खेटून दगडाच्या जोत्याखाली कशाला राहील?

जनावर काय करतं ते कळत नसेल तर आम्ही राख टाकतो. चुलीची राख चाळून बिळाच्या तोंडाशी आणि आजूबाजूला पातळ पसरायची. सकाळी पावलं उमटलेली असतात. कुठून कुठे गेलं ते राख सांगते. हबीबभाईंनी दिवस मावळायच्या आत समाधीभोवती छान पांढरी राख पसरली आणि आम्ही घरी आलो.

सकाळी गेलो तर राखेचा कण नाही. समाधीभोवती सडा टाकलेला, वर रांगोळी.

"काकू, इथली राख?"

"झाडली की. समाधीपाशी कुणी घाण सांडून गेलतं."

हबीबभाईंनी कपाळाला हात लावला. मी विचारलं, "राखेत काही ठसे होते का?"

"होते की."

"कशाचे?"

"लेकराचे तळवे असतेत तसे. लांबट." त्यांनी बोटाने दाखवलं. "त्या भोकापसून निघाले, हिकडून वळले, पायरी चढले, आन्‌ हितवर." बोट कोनाड्यापाशी थांबलं. "रोजच असतेत. आज राखंत लय चांगले दिसले."

महादेवअप्पा माझ्या मागे उभे होते. "आई, तुला ठाऊक हाय?"

"मला काय डोळे न्हाईत?"

मी विचारलं, "इथे कोनाड्यात काय असतं काकू?"

"ताट."

"कसलं ताट?"

"ह्यांचं." त्या समाधीकडे बघून म्हणाल्या. मग सांगत गेल्या. भिजवलेले शेंगदाणे, गूळ, केळं, कधी उकडलेलं रताळं, कधी खोबरं. रोज संध्याकाळी नैवेद्य दाखवायचा आणि ताट तिथेच ठेवून यायचं. सकाळी ते मोकळं असायचं.

एखाद्या सायाळीला तिच्या आवडीचं विचारून ताट वाढलं असतं तरी याहून चांगलं वाढता आलं नसतं.

माझ्या प्रश्नांत नैवेद्य नव्हता. आमच्या घरी बुद्धवंदना होते; फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो, खाण्याचं काही ठेवायची रीत नाही. त्यामुळे मी खरकटं विचारलं, कोंबड्यांचं खाद्य विचारलं, आणि हे विचारायचं मला सुचलंच नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण खाणं कुठे पडतं असं विचारल्यावर नैवेद्य कोण सांगेल? तो पडलेला नसतो, ठेवलेला असतो. आता मी प्रत्येक घरात हे वेगळं विचारते.

महादेवअप्पा पायरीवर बसले. ताटाची गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण आईला वाटतंय की अप्पा येऊन खातात, मग कशाला तिचं मन मोडा, म्हणून ते वर्षभर गप्प होते. हे त्यांनी अडखळत सांगितलं तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा उठून गेलं असतं.

"म्या कवा म्हणाले अप्पा येऊन खातेत म्हणून? आमच्यात गेलेला माणूस माघारी येत न्हाई, तो शिवात मिळाला. म्या काय खुळी हाय? ते काटेवालं जनावर खातंय, म्या खिडकीतून बघितलंय. लय झ्याक बसतंय हो, दोन हातांत केळं धरून."

"मग ताट ठेवता कशाला?" मी विचारलं. माझा विचारण्याचा सूर जरा कोरडाच असतो.

काकू पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, शेवट शेवट ह्यांना घास जात न्हवता. म्या ताट वाढून न्यायची, तसंच्या तसं माघारी यायचं. आमच्यात ताटातलं शीत टाकत न्हाईत, ताट धुऊन पितेत. मग ते माघारी आलेलं मीच खायची, रडत रडत. गेल्यावर नैवेद्य ठिवला. सकाळी बघते तर ताट चाटूनपुसून मोकळं. कोण खाल्लं ते राहू द्या. मला त्या दिसापसून झोप यायलीय."

हबीबभाई चाळणीतली नसलेली राख झटकू लागले.

मला जे सांगायचं होतं ते सोपं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. "काकू, ती ताटासाठी येते. ताटाजवळ राहावं म्हणून तिने बीळ इथे केलंय. ते बीळ दगडाच्या कडेने गेलंय का दगडाखालून आत, ते मला अजून ठाऊक नाही."

"आत म्हंजे?"

 काकूंनी ओट्यावर तळवा टेकला आणि तो तिथेच ठेवला.

"म्हंजे मीच बोलावून आणलं म्हणा."

"असं म्हणू नका. ताट मात्र आता तिथे राहून चालणार नाही."

 ताट बंद करा, हे वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी तेच सांगितलं असतं. इथे सांगून उपयोग नव्हता. त्यांनी हो म्हटलं असतं आणि पुन्हा झोप गेली असती, किंवा माझी पाठ वळल्यावर ताट ठेवलं असतं. मी वेगळं विचारलं.

"काकू, ताट मोकळं व्हायला पाहिजे, एवढंच ना? कोणी मोकळं केलं तरी चालेल?"

"चालंल की. खरं तर प्रसाद वाटून खायचा असतो, असा टाकून यायचा नसतो. हे मला ठाऊक हाय. पण उचलून आणला तर खायचा कुणी?" त्यांनी मुलाकडे बघितलं. "ह्याचं घरातलं ताट बी झाकलेलंच असतंय. दुकान बंद करून येतोय, बाहेरच कायतरी खाऊन."

"आई, संध्याकाळी गिऱ्हाईक असतंय."

"असू दे की. म्या काय म्हणाले?"

मी पिशवीतून कागद काढला.

काम सुरू करताना मी गिऱ्हाइकाला एक कागद लिहून देते. त्यांनी काय करायचं, आम्ही काय करायचं. त्या दिवशीच्या कागदावर मी पहिलं काम लिहिलं ते असं: नैवेद्य दिवस मावळायच्या आत दाखवावा, महादेवअप्पांनी तिथेच बसून ताट संपवावं, ताट घरात न्यावं. बाकी जाळी, दगड वगैरे सगळं त्याखाली. महादेवअप्पांनी तो वाचला आणि सही केली. बाहेर पडल्यावर हबीबभाई म्हणाले, "मॅडम, आजवर आपुन गिऱ्हाइकाला औषध द्यायचो. आज पयल्यांदा गिऱ्हाइकालाच खायला लावलं."

ढाबेवाल्याकडे मीच गेले. महादेवअप्पा त्या उंबऱ्याला पाय लावायला तयार नव्हते. मी त्याला सांगितलं की मागे टाकलेली हाडं पुरायची.

"कुत्रे नेतेत म्हणून टाकतो मॅडम."

"तुझी हाडं समाधीवर जाऊन बसलीत."

त्याने दोन्ही कानांना हात लावले आणि त्याच दिवशी खड्डा खणला. वनखात्यालाही कळवलं. त्यांचा माणूस येऊन बघून गेला. आत पिल्लं असू शकतात, तिला आपलं आपण जाऊ द्या, रिकामं झाल्याशिवाय बुजवू नका, असं म्हणाला. आमचंही तेच मत होतं.

पुढचं काम वाट बघण्याचं. बिळाच्या तोंडात वाळलेलं गवत सैल कोंबून ठेवायचं. सायाळ ये-जा करत असेल तर सकाळी गवत विस्कटलेलं मिळतं. सुरुवातीला रोज विस्कटलेलं असायचं. एकदा तर ते ओढून पायरीवर आणून टाकलं होतं, ताट कुठे गेलं असं विचारायला आल्यासारखं. काकू मला रोज सकाळी फोन करून सांगायच्या, "आज बी उचकलंय." कागदावर नसलेलं हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. महादेवअप्पा दुकानातून लवकर निघू लागले होते. त्यांचा नोकर मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "मालक दिवस बुडायच्या आत पळतेत. तुमी डॉक्टर हाव का कोण हाव?"

मग एक सकाळ अशी आली की गवत जसंच्या तसं. दुसऱ्या सकाळीही तसंच. खात्री होईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग गेलो.

बुजवण्याआधी आत बघायचं होतं. हबीबभाईंनी लांब बांबूच्या टोकाला मोबाइल बांधला, त्याचा दिवा लावला, चित्रीकरण सुरू केलं आणि बांबू हळूहळू आत सारला. महादेवअप्पा पाठ फिरवून कडुनिंबाकडे बघत उभे राहिले. काकू मात्र माझ्या खांद्याला धरून उकिडव्या बसल्या. मी म्हणाले, "काकू, तुम्ही घरात बसा. मी बघून सांगते."

"माझा नवरा हाय. मीच बघणार."

बांबू बाहेर आला. आम्ही तिघांनी पडद्यावर डोकी घातली. माती, मुळ्या, माती. मग काळा दगड. बीळ दगडाला भिडलं होतं, तिथे थोडं खरवडलं होतं आणि मग दगडाच्या कडेकडेने वळून सरळ बांधाकडे निघून गेलं होतं. दुसरं तोंड बांधात सापडलं, काटेरी झुडपामागे. समाधीच्या आत ते बोटभरही गेलं नव्हतं.

"अम्मा, धक्का नाही लागला," हबीबभाई म्हणाले. "दगड लय मजबूत हाय. कुणी बसवला?"

काकूंनी ते चित्र परत एकदा बघायला मागितलं. बघून झाल्यावर म्हणाल्या, "दगड ह्यांनीच ठिवले होते, विहिरीच्या बांधकामातले उरलेले. जागा बी दाखवून ठिवली होती. म्या म्हणायची, कशाला हे दगड अंगणात, येता-जाता ठेच लागतीय. तर म्हणायचे, माझ्या कामाला येतील. लय चिकट माणूस. काय म्हणून टाकू देत न्हवते."

महादेवअप्पा तेव्हा कुठे वळले.

दुसऱ्या तोंडातही गवत कोंबलं, तेही काही दिवस हललं नाही, तेव्हा हबीबभाईंनी दोन्ही तोंडं दगड भरून बंद केली, जोत्याच्या कडेने जाळी खाली पुरून बाहेरच्या अंगाला वळवली, वर सिमेंट. सायाळ जोत्याला लागून उकरायला आली की जाळीवर येते आणि परत जाते. चांगलं काम झालं. मी दर पावसाळ्यानंतर ते बघून येते, अजून चीर नाही.

निघताना काकूंनी विचारलं, "ती कुठं गेली असंल?"

"ओढ्याकडे. तिकडे तिची जात पुष्कळ आहे."

"तिला तिकडं केळं कोण देतंय?"

 आम्ही घर मोकळं करतो, वाट बुजवतो, कागदावर खूण करतो. जे निघून गेलं ते कुठे गेलं, हे आमच्या कागदावर नसतं. पूर्वी मला त्याचं काही वाटत नसे. आता दाराशी चप्पल घालताना कधी कधी वाटतं. त्या रेल्वेच्या काकांच्या खारी आठवतात.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी ताडकळसच्या बाजारातून परत येत होते, तेव्हा काकूंचा फोन आला.

"बाई, तुमच्या कागदात एक गोष्ट राहिलीय."

"काय काकू?"

"महादेव माल आणाय नांदेडला गेलाय. आज यायचा न्हाई. ताट कुणी खायचं?"

मी तसं खरंच लिहिलेलं नव्हतं. गाडी वळवली आणि आखाड्यावर गेले. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. काकूंनी नैवेद्य दाखवला, ताट उचललं आणि पायरीवर माझ्यापुढे ठेवलं. शेंगदाणे, गूळ, अर्धं केळं.

"काकू, आमच्यात नैवेद्य नसतो," मी म्हणाले.

"ठाऊक हाय मला. तुमच्यात शेंगदाणे असतेत का?"

"असतात."

"मग खावा की. आन्‌ तुमचं औषध हाय, तुमीच घेऊन बगा."

मी शेंगदाणे म्हणून खाल्ले. त्यांनी प्रसाद म्हणून दिले. आमचं दोघींचं त्यावर काही म्हणणं नाही. खाताना त्या मला महादेवअप्पांचं सांगत होत्या, की तो आता ताटाबरोबर अप्पांच्या गोष्टी काढतो, पहिल्यांदाच काढतो, आणि त्यातल्या निम्म्या खोट्या असतात. समाधीच्या मागच्या कोपऱ्यावरचं सिमेंट मी तिथूनच बघून घेतलं. ठीक होतं.

ताट संपवून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे तिरपं धरलं, नीट बघितलं आणि परत माझ्यापुढे केलं.

"कडंला एक दाना राहिलाय."

मी तो उचलून खाल्ला.